समेटाची खोली

१० जानेवारी, सोमवार

वहीच्या पहिल्या पानावर तक्रार लिहू नये असे वाटत होते, म्हणून आठ दिवस वही कोरी ठेवली. आठ दिवसांत तक्रारीखेरीज काही सुचले नाही. तेव्हा लिहितो.

मी लेकीकडे राहायला आलो आहे. पाहुणा म्हणून नव्हे, राखणदार म्हणून. लेक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. दुपारी बाराला घराबाहेर पडते, परतायला साडेआठ होतात. जावई पुलांच्या बांधकामावर. दीड-दोन महिन्यांतून एकदा तोंड दाखवतात. मुली दोनला शाळेतून येतात. म्हणजे दोन ते साडेआठ घरात मोठे माणूस नाही, आणि गेली चार वर्षे हे असेच चालले होते. थोरली तेरा वर्षांची. तिला सगळे ताईच म्हणतात, मीसुद्धा. धाकटी सात वर्षांची, टिल्ली. मागच्या महिन्यात शेजारच्या दारातल्या कंपाउंडरांनी लेकीला जिन्यात गाठून सांगितले की दुपारचा तुमच्या घरातून फार आरडाओरडा ऐकू येतो. लेक हबकली आणि माझे बोचके इथे येऊन पडले.

फ्रिजवर तिने नियमांचा कागद डकवला आहे. टिल्लीला गॅसपाशी जाऊ देऊ नये. सुऱ्या वरच्या कपाटात. औषधांच्या डब्याला कुलूप. इस्त्री करायची तर मोठ्या माणसासमोर. असे एकूण अकरा. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली, दुसऱ्यांच्या हजारो पानांतल्या चुका वेचल्या, आणि या वयात मला फ्रिजवर वाचायला लावतात. अकराव्या नियमाच्या शेवटी पूर्णविराम नव्हता. तो मी पेनने दिला आणि आडवा झालो.

१२ जानेवारी, बुधवार

आज दिवस बरा. ताईला तिच्या पुस्तकातली नदीची कविता म्हणायला लावली. पोरगी अशी म्हणते की डोळे मिटले तर आपण पाचवीच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर. गुरुजी खिडकीपाशी उभे, हातावर खडूची भुकटी, आणि चाळीस पोरे एका सुरात डोलताहेत. ओळ संपली की सगळे मिळून श्वास घ्यायचे. तो श्वास मला अजून ऐकू येतो.

मधेच टिल्ली दंड पुढे करून उभी. "आजोबा, ताईनं चिमटा काढला."

"कविता चाललेली असताना?" मी म्हणालो. "आणि चहाडी करणाऱ्या मुली मला आवडत नाहीत."

ताई म्हणाली, "बघा ना. दिवसभर हेच. ताईनं असं, ताईनं तसं."

जेवताना मी दोघींना माझ्या दादाचे किस्से सांगितले. माझा दादा मला उचलून माळ्यावर ठेवायचा आणि शिडी काढून घ्यायचा. एकदा त्याने दोन्ही तळव्यांनी माझ्या कानांवर अशी टाळी वाजवली की डाव्या कानात तेव्हापासून समुद्र आहे. मी आईला सांगितले, पोहताना पाणी गेले. दादाला मी कधी उघडे पाडले नाही. भावंडे म्हणतात ती याला. आता कुणाचा कुणाला धक्का लागला तरी फ्रिजवर कागद लागतो.

ताई पोट धरून हसली. टिल्लीने विचारले, "मग तू माळ्यावर काय करायचास?"

"कविता म्हणायचो," मी म्हणालो. खरेच. माझ्या निम्म्या कविता माळ्यावर पाठ झाल्या आहेत.

१५ जानेवारी, शनिवार

आज जुंपली. कारण विचारले तर एकीचे एक, दुसरीचे दुसरे. टिल्लीने ताईच्या वहीवर दूध सांडले हे नक्की. मुद्दाम की चुकून, यावर पाऊण तास. माझे डोके उठले. ताईची तक्रार आगगाडीच्या वेगाने, टिल्लीची रडून. शेवटी मला आमच्या बाबांचा उपाय आठवला.

आम्ही भावंडे भांडलो की बाबा दोघांना कोठीच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचे. म्हणायचे, "समेट करा आणि दार वाजवा." ना न्यायनिवाडा, ना साक्षीपुरावे. दहा मिनिटांत दार वाजायचे. दार नेहमी दादाच वाजवायचा. तो मोठा, समजूतदार.

इथे मागच्या खोलीला बाहेरून कडी आहे. आधीचे भाडेकरू तिथे सामान ठेवत. आता तिथे मुलींच्या खाटा आणि इस्त्रीचे टेबल. दोघींना आत घातले. "समेट करा आणि दार वाजवा." आरामखुर्चीत बसून मी दोन कविता मनात म्हटल्या, तिसरीच्या मध्यावर दार वाजले. ताईने वाजवले. मी काही विचारायच्या आधीच टिल्ली म्हणाली, "आमचा समेट झाला."

घरात चिटपाखरू नाही अशी शांतता. लेकीला सांगितले नाही. तिला प्रत्येक गोष्टीत रोगजंतू दिसतात.

१९ जानेवारी, बुधवार

समेटाच्या खोलीचा चार दिवसांत तीनदा उपयोग. तिन्ही वेळा यशस्वी. वेळही कमी होत चालला आहे. आज तर मी चष्मा पुसतोय तोवर दार वाजले.

लेक आल्या आल्या दारातच विचारते, चपला काढायच्याही आधी. "भांडल्या का?"

"नाही."

"खरंच नाही?"

"तू मला राखणीला ठेवलं आहेस की उलटतपासणी घ्यायला?"

तिने चपला काढल्या. मग म्हणाली, "बाबा, मी दमलेय हो." दमते ती, हे खरे. पण दमलेल्या माणसाने घरी येऊन फिर्याद कशाला मागावी?

एक आनंदाची गोष्ट लिहायची राहिली. टिल्लीला कवितेचा नाद लागला. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि माझ्या खुर्चीला चिकटून खाली बसते. "अजून एक म्हण." एक झाली की, "अजून एक." मी न्हाणीघरात गेलो तर दाराबाहेर उभी राहून म्हणते, "आतून म्हण, मला ऐकू येतं." सात वर्षांच्या मुलीला एवढी गोडी मी पाहिली नव्हती. ताईला म्हणालो, "बघ, तुझ्या पुढे जाईल ही." ताईने टिल्लीकडे पाहिले, टिल्लीने जमिनीकडे.

२४ जानेवारी, सोमवार

टिल्लीने गादी ओली केली. आठवड्यात दुसऱ्यांदा. सकाळी चादरी धुताना लेकीचा संताप. मी म्हणालो, वाढत्या वयात होते. ती म्हणाली, वाढत्या वयात थांबते, सुरू नाही होत.

वेणी घालताना तिला टिल्लीच्या कानामागे बोराएवढी जागा मोकळी दिसली. केस नाहीत. लेकीने तिला प्रयोगशाळेत नेऊन रक्त काढले. लोह तपासले, आणखी काय काय तपासले. अहवाल उत्तम. लेक तो कागद दोनदा वाचत बसली, जणू कुठे छापायचे राहिले आहे.

"काही लपवतेस का गं?" तिने टिल्लीला विचारले.

टिल्लीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "चहाडी नाही करायची."

मला, लिहायला हरकत नाही, अभिमान वाटला.

२८ जानेवारी, शुक्रवार

कंपाउंडर जिन्यात भेटले. हा गृहस्थ तीस वर्षे एका दवाखान्यात पुड्या बांधत होता. आता दिवसभर दाराच्या फटीत बसून गल्लीची नाडी बघतो.

"आजोबा, दुपारी तुमच्याकडे दार बडवल्याचा आवाज येतो. बराच वेळ."

"ते समेटाचं दार आहे. मुली आपापसात मिटवतात आणि दार वाजवतात. बराच वेळ नाही, एकदाच."

"एकदाच तुम्हाला ऐकू येतं," तो म्हणाला. "मला आधीपासून येतं."

"तुमचे कान फार तिखट आहेत. ते आमच्या घराकडे लावू नका."

"लावावे लागत नाहीत, आजोबा. भिंत एकच आहे."

मी वर आलो. इतका चिडलो होतो की किल्ली उलटी घातली. मी तरुण असतो तर त्याला चार ओळींत गुंडाळले असते. हल्ली राग आला की शब्द सापडत नाहीत आणि शब्द सापडले की राग गेलेला असतो.

३१ जानेवारी, सोमवार

आज घडले ते क्रमाने लिहितो.

साडेतीनला मुलींचे वाजले. टिल्लीने ताईची कंपासपेटी घेतली, असे काहीतरी. मी दोघींना समेटाच्या खोलीत घातले. टिल्ली आज जात नव्हती. माझ्या सदऱ्याचे टोक धरून म्हणाली, "मी सॉरी म्हणते. इथंच म्हणते. आजोबा, इथंच म्हणते ना." मला वाटले, नाटक. बोटे सोडवून कडी लावली. ताई दुपारपासून आत गणवेशाला इस्त्री करत होती, हे माझ्या ध्यानात नव्हते.

मी दिवाणावर उजव्या कुशीवर पडलो. उजवा कान उशीत गेला. डावा वर. डाव्यात समुद्र. डोळा लागला.

कुणीतरी दिवाण हलवतेय असे वाटले. बाहेरचे दार बडवत होते ते. उघडले तर कंपाउंडर, चेहरा पांढरा. मला बाजूला सारून तो थेट मागे गेला आणि कडी काढली. टिल्ली दाराशी बसली होती. डावा हात पुढे धरलेला, कोपराखाली भाजलेला. आवाज करत नव्हती, नुसते तोंड उघडे. ताई कोपऱ्यात उभी राहून मोठमोठ्याने रडत होती. "पडली, पडली, इस्त्री पडली तिच्या अंगावर." खोलीला करपल्याचा वास.

कंपाउंडरने टिल्लीला उचलून तिचा हात नळाखाली धरला. वीस मिनिटे, घड्याळ लावून. मी टूथपेस्ट आणायला धावलो तर ओरडला, "काही लावायचं नाही." मग रिक्षा, रुग्णालय. लेक प्रयोगशाळेतला पांढरा कोट अंगावर तसाच घेऊन खाली धावत आली.

डॉक्टर म्हणाले, भाजणे खोल आहे पण लहान आहे, भरून येईल, खूण राहील.

टिल्लीला विचारले तर म्हणाली, "माझं मलाच लागलं."

१ फेब्रुवारी, मंगळवार

लेक रजेवर. माझ्याशी कामापुरते बोलते. "चहा ठेवलाय." "पंखा बंद करा."

मी तिला सांगितले, मला डुलकी लागली. हे खरे आहे. कडीचे सांगितले नाही. कंपाउंडर कालपासून दोनदा येऊन गेला, पण त्यानेही लेकीसमोर कडीचा उच्चार केला नाही. मला मात्र जिन्यात थांबवले.

"आजोबा, दवाखान्यात मी भाजलेली खूप पाहिलीत. पडलेली इस्त्री घसरत जाते. डाग ओढल्यासारखा येतो. हा डाग ठशासारखा आहे. कडा सरळ."

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"म्हणायचं ते म्हटलं. कडीचं तुमच्या लेकीला तुम्ही सांगा. दोन दिवस थांबतो. नाहीतर मी सांगेन."

न्यायाधीश कुठला. मी म्हणालो, "ती तेरा वर्षांची मुलगी आहे. कविता म्हणते. तुम्ही तिला काय समजता?"

"मी तिला काही समजत नाही. धाकटीचा हात सांगतोय ते सांगतो."

रागाने मला जेवण गेले नाही. पोरांच्या घरात अपघात होतात. इस्त्री उंचावर ठेवली नाही ही चूक. ताईची चूक, तिच्या आईची चूक, वायर आखूड बनवणाऱ्याचीसुद्धा चूक.

३ फेब्रुवारी, गुरुवार

कंपाउंडरची मुदत आज संपते. त्याला खोटे पाडायचे म्हणून सकाळी ही वही काढली. म्हटले, तारीखवार लिहिलेले आहे. यातच दिसेल की या घरात तसे काही नव्हते.

भरभर वाचले. काही दिसले नाही. मग वाटले, भरभर वाचून दिसेल कसे? छापखान्यात नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी सांगायचो: अर्थ कळला की डोळा चूक ओलांडून जातो, पुढे काय येणार ते त्याला आधीच माहीत असते. म्हणून पानावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची, एक ओळ उघडी ठेवायची, बाकी झाकायचे, आणि कथा काय चालली आहे ते विसरायचे. समोरच्या ओळीत काय छापले आहे तेवढेच बघायचे.

बिस्किटांच्या खोक्याची पट्टी कापली. पहिल्या पानापासून ओळ ओळ खाली सरकवत गेलो.

चिमटा काढला, म्हणून दंड पुढे केला. मी दंड पाहिल्याचे कुठेही लिहिलेले नाही.

दार ताईने वाजवले. दुसऱ्यांदा कुणी वाजवले ते लिहिले नाही, पण मला आठवते. ताईनेच. तिसऱ्यांदाही.

कविता मागते, खुर्चीला चिकटून बसते, न्हाणीघराबाहेर उभी राहते. मी याला नाद म्हटले आहे. तारखा बघितल्या. समेटाची खोली पंधरा तारखेची. नाद त्याच्या पुढच्या चार दिवसांतला. गादी त्यानंतर. केस त्यानंतर.

पट्टी आणखी वर नेली तर कोठीच्या खोलीची ओळ आली. ती मी पुन्हा वाचली नाही. पट्टी खाली सरकवली.

दुपारी ताई शाळेतून यायच्या आत टिल्लीपाशी बसलो. ती घरीच आहे, हात बांधलेला. मी म्हणालो, "खोलीत काय व्हायचं?"

"तू आईला सांगशील?"

"हो. सांगेन."

ती म्हणाली, "मग पुन्हा आत घालशील?"

"नाही."

"ताई विचारते, झाला ना समेट? मी नाही म्हटलं की केस ओढते. मग परत विचारते. मी हो म्हटलं की ती दार वाजवते." मग म्हणाली, "त्या दिवशी मी लगेच हो म्हटलं. पण तू आलाच नाहीस. ती वाजवत होती, वाजवत होती. मग ती रागावली, की तुझ्यामुळे आपण कोंडलो गेलो."

मी विचारले, "तू आधी मला का नाही सांगितलंस?"

हा प्रश्न विचारायला नको होता. तिला उत्तर माहीत होते आणि ते देणे तिला बरे वाटेना. ती म्हणाली, "सांगितलं होतं एकदा."

४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लेकीशी बोलायचे धाडस झाले नाही. आज सकाळी मुली उठायच्या आत तिला स्वयंपाकघरात गाठले. कंपाउंडर सांगेल या भीतीने सांगितले की स्वतःहून, ते मला ठरवता येत नाही. दोन्ही थोडे थोडे असावे.

एका दमात सांगितले. खोली, कडी, किती वेळा. पाच वेळा. शेवटी टिल्ली नको म्हणत असताना.

लेक भांडे हातात घेऊन उभी होती. ते तिने खाली ठेवले नाही.

"बाबा, दोघींना बंद दारामागे एकट्या सोडू नये, असं लिहिलं होतं. अकरावा नियम. वाचला नव्हता?"

"वाचला होता. पूर्णविराम दिला होता."

ती हसली. मला अशा हसण्याची भीती वाटते. मग म्हणाली, "तो नियम मी का लिहिला, विचारलंत का? मला शंका होती म्हणून लिहिला. शंका होती आणि तुम्हाला तोंडानं सांगितली नाही. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, आम्हीही मार खाल्ला, काय झालं?"

मी असेच म्हणालो असतो.

"मी जातो माझ्या घरी," मी म्हणालो. "तुला आता माझ्यावर विसंबता येणार नाही."

"जा म्हटलं तर कोण येणार आहे?" ती म्हणाली. "रागवायलासुद्धा मला दुसरं माणूस नाही, बाबा."

ताईला उठवून समोर बसवले. लेकीने आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त भीतीदायक वाटले. ताई आधी म्हणाली, पडली. मग म्हणाली, टेकली. मग म्हणाली, "एक सेकंद. घाबरवायला. खरंच लावायची नव्हती."

मग तिचा बांध फुटला. "चार वर्षं मीच सांभाळते हिला. मी नऊ वर्षांची होते. दूध गरम कर, हिला खायला घाल, हिचं नाक पूस, हिचा अभ्यास घे. मैत्रिणी खाली खेळतात आणि मी खिडकीत. ही पडली तर बोलणी मला. एकदा मारलं तर ऐकायला लागली. मग मारलं नाही की ऐकायचीच नाही. आजोबा आले, म्हटलं सुटले. तर ते आम्हाला दोघींनाच कोंडतात, आणि स्वतः झोपतात."

मला तिच्यावर रागवायचे होते. रागाला बसायला जागा सापडेना.

९ फेब्रुवारी, बुधवार

जावई येऊन गेले. आल्या आल्या मागच्या दाराची कडी उचकटून काढली. लाकडाचा टवका निघाला. मग दिवसभर ताईशी बोलायचे टाळत राहिले, तेव्हा लेक म्हणाली, "तुम्ही दोन महिन्यांनी येऊन तोंड फिरवू नका. ती शिक्षा मला होते." ते ताईला घेऊन फिरायला गेले. दोघेही रडून आले असावेत, नाके लाल.

लेकीने महिनाभरासाठी सकाळची पाळी मागून घेतली आहे. त्यासाठी जिच्याशी तिचे पटत नाही अशा बाईला चार वेळा विनवावे लागले. शनिवारी मात्र दुपारचीच, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सगळे दुपारचे. तेव्हा राखणदार मीच. शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे आम्ही सगळे गेलो. त्या तरुण आहेत आणि मला 'काका' म्हणतात.

बाईंनी सांगितले, ताईकडे टिल्लीची कुठलीच जबाबदारी नाही, दूधसुद्धा नाही. दोघींना मोठ्या माणसाच्या नजरेआड ठेवायचे नाही. राग चढला की एकत्र बसवायचे नाही, वेगळे करायचे. आणि टिल्लीला समेट करायला लावायचा नाही. तिची इच्छा होईल तेव्हा होईल, नाही झाली तरी चालेल.

हे सगळे बरोबर आहे आणि मला त्याचा वैताग येतो. बहात्तराव्या वर्षी दुपारची झोप गेली. मधल्या खोलीत, जिथून सगळे दिसते, तिथे लाकडी खुर्चीत बसायचे. उजवा कान मुलींकडे. परवा बसल्या बसल्या मान कलंडली तर टिल्लीने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "आजोबा, ड्यूटी."

ताई माझ्याशी बोलत नाही. कविता म्हणायला सांगितली तर म्हणाली, "मूड नाही." बाईंनी मला एकट्याला विचारले, "काका, तुम्हाला लहानपणी कुणी मारायचं का?" मी दादाचा माळ्याचा किस्सा सांगितला. नेहमीसारखाच सांगितला. बाई हसल्या नाहीत. मी पुढचा सांगायला गेलो तर मधेच विसरलो की यात हसायची जागा कुठे येते.

१९ फेब्रुवारी, शनिवार

आज लेकीची दुपारची पाळी. दारातून तीनदा परत फिरली. "जा गं," मी म्हणालो, "मी जागा आहे."

चारच्या सुमाराला ताई टेबलाशी गणिते सोडवत होती. टिल्ली जमिनीवर चित्र काढत होती आणि पायाने टेबलाच्या पायावर ठेका धरत होती. ताई म्हणाली, "पाय आवर." टिल्लीने आवरला, विसरली, पुन्हा सुरू. दुसऱ्यांदा सांगितले. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा ताईने सांगितले नाही. पेन्सिल खाली ठेवली. दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली.

माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजोबा, हिला बाहेर न्या."

"काय झालं?"

"विचारू नका. मला मारावंसं वाटतंय हिला. खूप. न्या ना लवकर."

माझ्या तोंडात एक उपदेश तयार होता, बहिणींच्या मायेचा, चांगला दोन परिच्छेदांचा. तो गिळला. कंपाउंडरांचे दार वाजवून सांगितले, "ताई आत एकटी आहे, जरा दार उघडं ठेवून बसा." त्यांनी का ते विचारले नाही. टिल्लीचा उजवा हात धरून जिना उतरलो.

खाली ऊन होते. समोरचा शिंपी मशीन चालवत होता. आम्ही फुटपाथवर उभे राहिलो.

"ताई मला मारणार होती?"

"हो."

"मग मारलं का नाही?"

"आधी सांगितलं तिनं."

टिल्लीने यावर बराच विचार केला. "आता आपण किती वेळ इथं?"

"तिला बरं वाटेपर्यंत."

थोड्या वेळाने ताई खिडकीत आली. मी खालून हाताने विचारले, येऊ? तिने मान हलवली. अजून नाही. तिचे ओठ आवळलेले होते आणि ती खिडकीच्या गजाला दोन्ही हातांनी धरून होती.

"चल," टिल्ली म्हणाली, "कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

कोपऱ्यापर्यंत गेलो. टपालाच्या लाल पेटीपाशी वळलो, परत आलो, वर पाहिले. ताई तिथेच होती. तिने पुन्हा मान हलवली.

आम्ही पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेलो.